दोन फुटांच्या फटीतून स्कूटर जाते, व्हीलचेअर अडते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमधल्या तुमच्या सोसायटीसमोर साधारण २ मीटर रुंदीचा फुटपाथ आहे. पुढच्या चौकात उलट बाजूने पोचण्यासाठी दुचाकीवाले सकाळ-संध्याकाळ त्यावर चढतात. गेल्या महिन्यात तुमच्याकडच्या एका आजोबांना हँडलचा धक्का लागला आणि मनगट मोडलं. त्यानंतर पाठपुरावा करून तुम्ही बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवायला जमिनीत रोवलेले आखूड खांब, मंजूर करून घेतलेत. ठेकेदार म्हणतो, "दोन-दोन फुटांवर खांब लावतो, मधे साखळी टाकतो, एक गाडी आत येणार नाही." आणि तुमच्याच इमारतीतल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या ताई विचारतात, "मग मी कुठून जायचं?" तुम्हाला दोन खांबांमधलं योग्य अंतर हवं आहे.

अंतर लगेच सांगते. एका खांबाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत १.२ मीटर मोकळं ठेवा, आणि साखळी अजिबात नको. मात्र एवढ्याने आजोबांना धक्का देणारी स्कूटर थांबणार नाही, हेही आत्ताच सांगितलेलं बरं. मी गेली २१ वर्षं रस्ते, चौक आणि फुटपाथ यांच्या आखणीचं काम करते. 'अंतर किती?' असं विचारणारे बरेच भेटतात, पण अंतर ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. अडवायचं कोणाला आहे, आणि तो तिथे येतो का.

आधी मापं समोर ठेवू. आपल्याकडची नेहमीची स्कूटर हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण ७०० मिमी रुंद असते. मोटरसायकल थोडी जास्त, ७२० ते ८०० मिमीच्या घरात. घडीची साधी व्हीलचेअर ६३० ते ६८० मिमी. शिवाय चाक स्वतः ढकलणाऱ्याची बोटं आणि कोपरं बाहेर येतात, म्हणून ९०० मिमीपेक्षा कमी जागेतून ती नेणं म्हणजे हाताची सालटी काढून घेणं. म्हणजे ज्याला अडवायचं आणि जिला वाट द्यायची, त्या दोघांची रुंदी जवळजवळ सारखीच आहे. दोन खांबांमधली फट यातल्या एकाला अडवून दुसऱ्याला सोडू शकत नाही.

आता ठेकेदाराचे दोन फूट घ्या, म्हणजे ६१० मिमी. कागदावर स्कूटर अडली. पण स्कूटरची ती ७०० मिमी रुंदी असते कुठे? हँडलपाशी, जमिनीपासून जवळपास मीटरभर उंचीवर. खाली पाय ठेवायच्या जागेपाशी ती बरीच अरुंद असते. आणि बसवला जाणारा खांब पुष्कळदा ७५० मिमी उंचीचा असतो. हँडल खांबांच्या डोक्यावरून जातं, अंग मधून जातं, चालवणाऱ्याने पाय जरा जवळ घेतले की झालं. व्हीलचेअरची रुंदी मात्र सगळी खाली, चाकांपाशी. त्यामुळे दोन फुटांच्या फटीतून स्कूटर निघून जाते आणि व्हीलचेअर अडते. मी हे एका उपनगरात, मीच आखलेल्या कामात, डोळ्यांनी पाहिलं आहे. उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी मी तिथे तासभर उभी होते. कॉलेजची मुलं एकामागून एक सफाईने निघून जात होती, आणि एक बाई बाबागाडी उचलून रस्त्यावर उतरल्या. त्या रस्त्यावर बस होती. त्या दिवसापासून मी फट अरुंद करून दुचाकी अडवायचा नाद सोडला.

यात तुमच्या ताई एकट्या नाहीत. मुंबईत फुटपाथच्या तोंडाशी लावलेल्या बोलार्डमुळे व्हीलचेअर वरच जाऊ शकत नाही, अशी तक्रार एका नागरिकाने ईमेलने केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिची दखल घेऊन स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त, दिव्यांगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं स्पष्ट केलं. महापालिकेच्या पथ विभागाला पत्र लिहाल तेव्हा या दोन्ही गोष्टींचा उल्लेख करा. 'ताईंची अडचण' म्हणून पत्र लिहिलं की ते विनंतीच्या फाइलमध्ये जातं. हक्क म्हणून लिहिलं की निदान उत्तर येतं.

मग १.२ मीटरच का? बोलार्ड खरा उपयोगी पडतो तो तीनचाकी आणि चारचाकीला. रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते, आणि लहानात लहान मोटारही दीड मीटरच्या आसपास. १.२ मीटर मोकळं ठेवलंत तर रिक्षा, मोटार, टेम्पो सगळं बाहेर राहतं. व्हीलचेअर, बाबागाडी, काठी टेकत चालणारे आजोबा आणि त्यांचा हात धरणारी नात, सगळे आत येतात. दीड मीटर केलंत तर रिक्षा आत येते. ९०० मिमी केलंत तर व्हीलचेअर जाते, पण जीव मुठीत धरून. ठेकेदाराशी बोलताना एक गोष्ट लिहून घ्या: अंतर कडेपासून कडेपर्यंत. साइटवर सवयीने मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. १५० मिमी जाडीचा खांब असेल तर तुमचे १.२ मीटर तिथल्या तिथे १.०५ होतात, आणि नंतर कोणी खांब उपटून पुन्हा लावत नाही.

खांब कुठे लावायचे, यात याहून मोठी चूक होते. बोलार्ड मंजूर झाले की फुटपाथच्या संपूर्ण कडेने ओळीत ठोकून टाकतात, कारण बिल नगावर निघतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, निवासी भागातही चालायला निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा सांगितली आहे. तुमचा फुटपाथ आहे २ मीटरचा. खांब अगदी कडेला लावला तर वळणारी बस किंवा ट्रक त्याला घासतो, म्हणून तो कर्बपासून, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या उंच दगडी कडेपासून, सुमारे ४५० मिमी आत घ्यायचा असतो. ४५० मिमी आणि खांबाची जाडी धरली की तुमच्याकडे चालायला १.४ मीटर उरले. दुचाकीपासून वाचवायला निघालो आणि जवळजवळ एक तृतीयांश फुटपाथ आपणच खाल्ला. म्हणून तुमच्याकडे कडेची ओळ नको. कर्ब १५० मिमी उंच असेल तर मोटार सहजासहजी वर चढत नाही, तिथे खांबाची गरजच नसते. खांब हवेत ते फक्त तोंडांवर, म्हणजे जिथे फुटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरतो तिथे: चौकातला रॅम्प आणि सोसायट्यांची फाटकं.

२ मीटरच्या तोंडावर मधोमध एकच खांब लावायची पद्धत आहे, कारण स्वस्त पडतो. तो नको. दोन्ही बाजूंना जेमतेम ९२५ मिमी उरतात, आणि अंध माणूस साहजिकच मधून चालतो, तो थेट खांबावर जातो. दोन खांब घ्या, दोन्ही कडांपासून सुमारे २५० मिमी सोडून. खांब १५० मिमी जाडीचे असतील तर मधे बरोबर १.२ मीटर मोकळे राहतात. तिथे अंध माणसांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या उठावाच्या फरश्या असतील तर त्या मोकळ्या जागेतूनच गेल्या पाहिजेत. खांब आधी आणि फरश्या नंतर, किंवा उलटं, अशी दोन वेगळ्या ठेकेदारांची कामं एकमेकांवर आदळून पिवळी पट्टी सरळ खांबात शिरल्याचं तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल.

साखळीला नाही म्हणाले त्याचं कारणही तेच. पांढरी काठी जमिनीलगत फिरते. साखळी मांडीच्या उंचीवर लोंबते. काठी खालून निघून जाते, माणूस साखळीत अडकून तोंडावर पडतो. रात्री दिसणाऱ्यांनाही ती दिसत नाही. खांबसुद्धा निदान मीटरभर उंच हवा, म्हणजे गर्दीत नजरेला येतो. फरशीच्या रंगात मिसळणारा करडा खांब नको. गडद खांबाला वरच्या बाजूला पांढरा किंवा पिवळा, प्रकाश परतवणारा पट्टा हवा. स्टेनलेस स्टीलचा चकचकीत खांब फोटोत छान दिसतो. प्रत्यक्षात दुपारच्या उन्हात तो डोळ्यांना विरघळल्यासारखा होतो, मोतीबिंदू असलेल्यांना तर फारच, आणि रात्री भंगारवाल्याला बरोबर दिसतो.

आता दुचाकीकडे येऊ, कारण मनगट तिने मोडलं.

दुचाकीवाला फुटपाथवर का चढतो हे प्रत्येक जागी वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या रस्त्याबद्दल इथे बसून ठाम सांगणं मला जमणार नाही. पण कारणं साधारण चार-पाचच असतात. दुभाजकातली फट फार लांब असते आणि समोर दिसणाऱ्या चौकासाठी बराच वळसा पडतो. चौकात सिग्नलला रांग लागते आणि डावीकडे वळणाऱ्याला थांबायचं नसतं. दोनपदरी रस्त्याचा एक पदर लावलेल्या गाड्यांनी खाल्लेला असतो. एखादं दुकान, क्लास किंवा डेअरी फुटपाथला लागून असते आणि लोक थेट दारात गाडी लावतात. किंवा रस्ताच इतका खड्ड्यांचा असतो की फुटपाथ बरा वाटतो. तुम्ही लिहिलंय 'उलट बाजूने', म्हणजे पहिलं कारण असण्याची शक्यता जास्त.

मी एका शहराच्या वेशीवरच्या रस्त्यावर नेमकं हेच बघितलं होतं. शाळेकडून चौकाकडे यायला लोक फुटपाथ वापरायचे, कारण दुभाजक सलग होता. तिथे आधी कोणीतरी खांब लावले होते, ते वाकले. मग लोखंडी कठडा लावला, तो कापला गेला. आम्ही गेलो तेव्हा मी एक सबंध सकाळ फक्त उभी राहून मोजलं, कोण कुठून निघतो आणि कुठे उतरतो. बहुतेक जण एकाच कॉलनीतून निघून एकाच चौकात जात होते. त्यांना उजवीकडे वळायची सोयच नव्हती. वाहतूक पोलिसांशी बोलून दुभाजकात त्या कॉलनीसमोर वळायला जागा केली, आणि त्याच ठिकाणी पादचाऱ्यांसाठी उंच केलेला झेब्रा, ज्याला आम्ही टेबल टॉप म्हणतो, तो घेतला, म्हणजे सरळ जाणारी वाहनंही हळू होतील. फुटपाथवरच्या गाड्या जवळपास थांबल्या. काही हट्टी राहिले, ते राहतातच. पण हट्टी चार आणि नाइलाजाने चढणारे चाळीस यांना एकच औषध देऊन चालत नाही. चाळिसांना वाट करून द्यावी लागते, चौघांना दंड.

दंडाचाही विचार गंभीरपणे करा. फुटपाथवर वाहन चालवणं कायद्याने गुन्हाच आहे. पण वर्षातून एकदा मोहीम काढून उपयोग होत नाही. दोन आठवडे रोज त्याच दोन तासांत एक वाहतूक पोलीस त्या तोंडाशी उभा राहिला तर सवय मोडते. २०२० मध्ये पुण्यातल्या कॅनॉल रस्त्यावर एक ज्येष्ठ महिला फुटपाथवर उभ्या राहून दुचाकीस्वारांना परत रस्त्यावर पाठवत होत्या, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही तुमच्या आजोबांनी किंवा सोसायटीतल्या कोणी असं उभं राहावं असा सल्ला मी देणार नाही. धक्का बसला तर मोडणारं हाड आपलं असतं.

आखणीत एक गोष्ट दुचाकीला खरोखर आवरते, ती म्हणजे वळण. चौकातला रॅम्प बहुतेक ठिकाणी फुटपाथच्याच दिशेत सरळ उतरतो, त्यामुळे गाडी वेग न सोडता सरळ वर येते. तोच रॅम्प झेब्राच्या समोर, फुटपाथला काटकोनात घेतला तर चालणारा माणूस बरोबर झेब्रावर उतरतो आणि गाडीला मात्र जवळजवळ थांबून ९० अंशात वळावं लागतं. थांबायचंच असेल तर बरेच जण रस्त्यावरच थांबतात. जे तरीही चढतात ते हळू येतात, आणि तो फायदा लहान नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० किमीच्या जागी १० किमीने लागलेला धक्का नऊ पटींनी सौम्य असतो. रॅम्पच्या माथ्यावर व्हीलचेअर वळायला दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा मात्र राहिली पाहिजे. तुमच्या २ मीटरमध्ये रॅम्पची लांबी धरून ती बसते का, ते पाहणीत मोजून घ्या.

काही बागांच्या दारात असतं तसं झिगझॅग कठड्याचं फाटकही लोक सुचवतात. २ मीटरच्या फुटपाथवर ते करू नका. स्कूटरची लांबी १.८ मीटर, व्हीलचेअरची साधारण १.१. स्कूटर अडेल इतकं घट्ट वळण ठेवलं तर पाय पुढे घेऊन बसलेल्या माणसाची व्हीलचेअरही अडते, आणि मोठी बॅटरीवाली तर नक्कीच. बागेला दुसरं दार असतं. फुटपाथला नसतं.

सोसायटीच्या फाटकांपाशी तुमच्यासमोर एक पेच येईल. प्रत्येक फाटकाला फुटपाथ खाली उतरवून पुन्हा चढवतात, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी शेवटी रस्त्यावरूनच चालतात. योग्य पद्धत अशी की फुटपाथ त्याच पातळीत पुढे जाऊ द्यायचा आणि फाटकात शिरणाऱ्या मोटारीने छोटा चढ चढायचा. पण सलग सपाट फुटपाथ स्कूटरलाही आवडतो. मी तरीही सपाटच निवडते. खालीवर होणारा फुटपाथ दुचाकीला दोन सेकंद अडवतो आणि गुडघे दुखणाऱ्याला कायमचा. फाटकाच्या दोन्ही बाजूंना वर सांगितले तसे दोन-दोन खांब लावले की निदान सोसायटीत येणारी टॅक्सी आणि डिलिव्हरीचा टेम्पो फुटपाथवर उभा राहत नाही. तुमच्या सभासदांच्या पाहुण्यांचाही यात समावेश होतो, हे सभेत आधीच बोलून घ्या.

इथपर्यंतचं एकदा एकत्र करते: खांब फक्त तोंडांवर, दोन-दोन, मधे १.२ मीटर, साखळी नाही, रॅम्प काटकोनात, आणि दुचाकी का येते ते शोधून त्या कारणावर वेगळा उपाय.

पुढचा मुद्दा मजबुतीचा. तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. रस्त्यावरचे बहुतेक बोलार्ड हे इशारा असतात, ढाल नसतात. 'इथे गाडी आणू नका' एवढंच ते सांगतात. १,२०० किलोची मोटार ताशी ५० किमीने आली तर तिची ऊर्जा ताशी ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट असते, आणि फरशीवर चार बोल्टनी बसवलेला खांब त्यापुढे काडी आहे. खरोखर वाहन रोखणारे खांब वेगळेच असतात. अमेरिकी मानकातला एम ३० दर्जा म्हणजे ६,८०० किलोचा ट्रक ताशी सुमारे ५० किमीने येऊन आदळला तरी थांबला पाहिजे. फ्रान्समध्ये नीस शहरात १४ जुलै २०१६ रोजी गर्दीत ट्रक घालून ८६ माणसं मारली गेली, त्यानंतर जगभर असे खांब मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. त्यांचा पाया, त्यातलं लोखंड, खर्च सगळंच निराळं. कोथरूडच्या आतल्या रस्त्यावर त्याची गरज नाही. पण बोलार्ड आहेत म्हणून मुलांनी त्यांच्या मागे उभं राहून बसची वाट बघणं सुरक्षित झालं, असं समजू नका.

तुमच्यासाठी १०० ते १५० मिमी व्यासाचा लोखंडी पाइप, आत काँक्रीट भरलेला, आणि निदान ६०० मिमी खोल काँक्रीटमध्ये रोवलेला, एवढं पुरेल. जमीन कशी आहे त्यावर खोली थोडी बदलते. पुण्यात कुठे दोन फुटांवर काळा दगड लागतो, तर कुठे कुदळ काळ्या मातीत खोल जात राहते. बोल्टवर उभा केलेला खांब घेऊ नका. टेम्पोचा पहिला धक्का लागला की तो आडवा होतो, कोणीतरी उचलून नेतं, आणि फरशीतून दोन इंच वर आलेले चार बोल्ट राहतात. मी पाहिलेल्या फुटपाथवरच्या वाईट जखमांपैकी दोन या बोल्टांच्या आहेत. गावाकडच्या वाड्यांच्या कोपऱ्यावर बैलगाडीच्या आसाने भिंत खरवडू नये म्हणून पुरलेला दगड तुम्ही पाहिला असेल. तोही बोलार्डच. निम्मा जमिनीत असायचा, म्हणून अजून उभा आहे.

खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारा. फुटपाथखालूनच महावितरणच्या केबल, पाण्याची लाइन, गॅस, इंटरनेटच्या तारा जातात. माझ्या एका कामात नकाशावर नसलेली पाण्याची लाइन फुटली आणि तीन इमारतींना दोन दिवस टँकर आणावे लागले. तेव्हापासून मी यंत्र लावण्याआधी प्रत्येक खांबाच्या जागी हाताने छोटा खड्डा घ्यायला लावते. ठेकेदार कुरकुर करतात. करू द्या.

अग्निशमनाचं तुमच्या बाबतीत थोडक्यात: खांब फुटपाथवरच असतील तर बंबाचा संबंध येत नाही. पण उद्या उत्साहात सोसायटीच्या गल्लीच्या तोंडाशीही खांब लावायचं ठरलं, तर बंब जाईल इतकी वाट मोकळी होणारा, कुलपाने काढता येणारा खांब लागेल, आणि त्याची किल्ली सुरक्षारक्षकाकडे रात्रीसुद्धा सापडली पाहिजे.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "चौकात रेलिंग पण मागू का?" घाई करू नका. रेलिंग वाहनांना अडवत नाही, माणसांना अडवतं. जिथे लोकांना रस्ता ओलांडायचाच आहे तिथे ते लावलं की काही जण वळसा घालून झेब्रापर्यंत जातात, आणि बाकीचे रेलिंगच्या बाहेरून, रस्त्याच्या कडेने चालतात. गाडी आली तर त्यांना मागे सरकायला जागा नसते. लंडनमध्ये केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर या शतकाच्या सुरुवातीला असे कठडे मुद्दाम काढून टाकले, आणि तिथले अपघात वाढायच्या ऐवजी कमी झाले. त्या रस्त्यावर ओलांडायच्या जागाही त्याच वेळी सुधारल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय कठडे काढण्याला देता येणार नाही. मी स्वतः रेलिंग एकाच ठिकाणी आग्रहाने मागते: शाळेच्या दारासमोर. सुटलेली मुलं धावत थेट रस्त्यावर येतात, तिथे दारासमोर १०-१२ मीटरचा कठडा त्यांना बाजूला वळवतो. आणि लगेच शेजारी झेब्रा असेल तरच.

चाकांची पोलिसी बॅरिकेड किंवा पाणी भरायचे लाल-पांढरे प्लास्टिकचे ठोकळे तात्पुरते वापरून बघायला हरकत नाही. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, वाहनं बंद असतात, तिथे दिवसभरासाठी हलतं बॅरिकेडच योग्य. तुम्हीही खांब रोवण्याआधी आठवडाभर ठोकळे ठेवून जागा पारखू शकता, पथ विभाग आणि वाहतूक पोलीस यांना सांगून. मात्र ते पाण्याने भरा. रिकामा ठोकळा वाऱ्याने रस्त्यात येतो, आणि अंधारात दुचाकीवाल्यासाठी तोच जीवघेणा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. फुटपाथवर चढणारा तो मुलगाही याच दुसऱ्या आकड्याच्या वाटेवरचा आहे. त्याचा राग आला तरी आखणी करताना मी त्याला शत्रू धरत नाही, म्हणूनच त्याला पाडणारे टोकदार किंवा आडवे अडथळे मी कधीच सुचवत नाही.

सार्वजनिक फुटपाथवर सोसायटीने स्वतःच्या खर्चाने खांब लावू नयेत, लागून कोणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येईल. पथ विभाग, वाहतूक पोलीस आणि तुम्ही अशी एकत्र पाहणी मागा, आणि वाकलेला खांब किती दिवसांत बदलायचा ते कामाच्या आदेशात लिहून घ्या.

पाहणीच्या आधी दोन कामं करा. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस निवडा, सकाळी साडेआठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते सात उभे राहा. वहीत फक्त तीन रकाने: दुचाकी कुठून चढली, कुठे उतरली, किती. रविवारचे आकडे उपयोगाचे नाहीत. दुसरं काम ताईंसोबत. खांबांच्या जागा खडूने फरशीवर काढा, तिथे पाणी भरलेल्या बादल्या किंवा कुंड्या ठेवा आणि त्यांना व्हीलचेअर स्वतः चालवत दोन्ही दिशांनी तीनदा नेऊ द्या, एकदा मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. कुठे हात घासला, कुठे थांबावं लागलं तिथे खडूची खूण सरकवा. मग ठेकेदाराला त्या खुणांवर बोलवा. ते रकाने भरून झाले की इथेच लिहा, दुभाजकात वळायची जागा मागायची की सिग्नलची वेळ बदलून मागायची, ते आकडे बघून सांगता येईल.